पंपासकट आशीर्वाद

रेल्वेच्या फलाटावर, तेही हातात सायकलचा पंप असताना, माणसाने प्रतिज्ञा करू नये. केलीच तर निदान आपला मोहल्ला आसपास उभा नाही एवढी खात्री करून घ्यावी. मी ती घेतली नाही.

माझी एकुलती एक मुलगी मुअत्तर परिचारिकेचं शिक्षण घ्यायला उर्गेंचला निघाली होती. कोकंदहून उर्गेंच म्हणजे देशाचं दुसरं टोक. मी शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावरच्या नकाशात कोकंदवर छडी ठेवली की उर्गेंच दाखवायला मला चार पावलं चालावं लागतं. तिला माझ्या सायकलवरूनच स्टेशनवर सोडायचं असा माझा हट्ट होता. आमच्या तुतझार मोहल्ल्यातून स्टेशनला कालव्याकाठच्या रस्त्याने जातात. मोठ्या रस्त्याने का नाही, असं विचाराल, तर त्याच्यावरचा पूल दुरुस्तीला काढलाय. तो चार वर्षं दुरुस्त होतोय आणि दर वर्षी जरा जास्तच मोडका दिसतो. राहिला कालव्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर सराटे आहेत. आमच्याकडे त्याला लोखंडी काटा म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्याकडे नक्की सायकल असणार.

गाडी सुटायला वीस मिनिटं असताना मागचं चाक बसलं. मी हवा भरली, ते पुन्हा बसलं. शेवटी मुअत्तर बॅग घेऊन पुढे आणि मी सायकल ढकलत मागे, असे पळत आम्ही फलाटावर पोचलो, तर गाडी हललेली. निरोपाला आधीच येऊन थांबलेल्या शेजाऱ्यांनी पोरीला कसंबसं डब्यात चढवलं.

आता, आमच्यात लांबच्या प्रवासाला निघालेल्या लेकराला बाप दोन्ही तळवे वर करून दुवा देतो, मग तळवे चेहऱ्यावरून फिरवतो, आणि भोवतीचे आमीन म्हणतात. एवढं एकच काम बापाकडे असतं, बाकीचं सगळं आई करते. मी सायकल टाकून दिली, पण पंप टाकायचं सुचलं नाही. तसेच हात वर केले. मुअत्तरला खिडकीतून दिसलं ते एवढंच, की बाप फलाटावर उभा राहून कुणावर तरी पंप उगारतोय. दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, "बाबा, भांडण मिटलं का?"

पण त्या क्षणी माझी जी फजिती झाली होती, ती झाकायला मी मोठ्यांदा बोललो. "परत येशील तेव्हा याच सायकलवरून तुला घरी नेईन! वाटेत एक जरी पंक्चर झालं तर मी मास्तर नव्हे!" गाडी पुढे गेली होती, त्यामुळे मुअत्तरला काही ऐकू गेलं नाही. मोहल्ल्याला शब्दन् शब्द ऐकू गेला.

घरी आलो तर जेवणाच्या खोलीत बायको, जुम्राद, खिळ्याला नान टांगत होती. निघताना मुअत्तरने त्या नानचा एक घास तोडला होता. उरलेला नान ती परत येईपर्यंत भिंतीवर राहणार, आल्यावर तो तिनेच संपवायचा, म्हणजे माणूस सुखरूप घरी येतो. अकरा महिने मी रोज त्या नानसमोर बसून चहा प्यायलो. कडेला तिच्या दातांची नक्षी होती. लहानपणी पडलेल्या दाताची फटसुद्धा त्यात उमटली होती. मी त्या नानकडे बघायचो आणि मनात यायचं, पंपासकट दिलेली दुवा लागू होते का? एकदा इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दुवेला मन लागतं, मास्तर." मग चार पावलं जाऊन परत आले आणि म्हणाले, "पण खाली का नाही ठेवलात?"

जुलैत मुअत्तरचा फोन आला. परीक्षा झाली, बारा ऑगस्टला सकाळच्या गाडीने येते. "आणि बाबा, टॅक्सी नको हं. सायकल घेऊन या." तिला प्रतिज्ञा माहीत नव्हती, पण तिच्या आईला होती. जुम्रादने फोन ठेवला आणि म्हणाली, "अहो मुअत्तरचे बाबा, तीन आठवडे आहेत. काय ते चाकाचं बघा."

आमच्या मोहल्ल्यात चाकाचं बघणारा माणूस एकच, हैतबाय आका. वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे आका, म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. तुतीच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची टाकी, रबराचे तुकडे, कानस आणि ठिगळ चिकटवायच्या द्रावणाची नळी. माणूस बोलायला कमी. माझी ट्यूब त्यांनी पाण्यात बुडवली, बुडबुडे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाले, "तेवीस ठिगळं आहेत. सगळी माझीच."

"मला ठिगळ नको, हैतबाय आका. पंक्चरच होऊ नये असं काहीतरी हवंय."

"ते मला येत नाही. काढायला शिकवतो. बसा इथं, दोन तासांचं काम आहे."

आता माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा. सव्वीस वर्षं मी पोरांना पृथ्वीचा आस किती कललाय ते शिकवतोय. रस्त्यावर, तुतीखाली, माझेच माजी विद्यार्थी भाजी घेऊन जाताना मी रबर घासत बसू? मी म्हणालो, "रोग झाल्यावर औषध देणं सोपं असतं. विज्ञान रोग होऊच देत नाही." हैतबाय आकांनी चोविसावं ठिगळ लावलं आणि सायकल माझ्या हातात दिली. त्यांना राग आलेला दिसला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शेजारच्या तुर्दी आकांना मात्र विज्ञान मान्य होतं. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय, आणि निवृत्त ट्रकवाल्याला जगातली एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. भिंतीवरून डोकं काढून ते म्हणाले, "दूध."

"काय दूध?"

"ट्यूबमध्ये दूध भरायचं. काटा घुसला की दूध भोकाकडे धावतं, तिथं घट्ट होतं, भोक बंद. डोंगरात आम्ही हेच करायचो."

"ट्रकच्या चाकात?"

"सायकलच्या. ट्रकमागं बांधलेली असायची."

हे मला पटलं. का पटलं ते आता सांगता येत नाही. इंजेक्शनची मोठी सुई आणून मी दोन्ही चाकांत पाव-पाव लिटर दूध सोडलं. आणि खरं सांगतो, चार दिवस एकही पंक्चर नाही! मी कालव्याच्या रस्त्याने मुद्दाम दोनदा जाऊन आलो. येताना हैतबाय आकांच्या समोरून घंटी वाजवत गेलो. पण कोकंदचा जुलै आणि बंद रबरात चार दिवसांचं दूध, याचा विचार भूगोलाच्या माणसाने करायला हवा होता. पाचव्या दिवशी माझ्यामागून एक मांजर चालायला लागलं. मोहल्ला समितीच्या कचेरीपर्यंत पोचलो तेव्हा सात झाली होती.

कचेरीच्या दारात समितीचे अध्यक्ष काबिलजान उभे होते. पांढरा सदरा, नवी टोपी. शहरातून कुणीतरी साहेब येणार होते. मी सायकलवरून उतरून अदबीने छातीवर हात ठेवला, आणि त्याच वेळी मागच्या चाकाने हार मानली. एक बारीक, जोरदार, आंबट धार निघाली आणि अध्यक्षांच्या टोपीपासून पट्ट्यापर्यंत गेली. मी अंगठ्याने भोक दाबलं, त्याने धारेचं तोंड फिरलं, आणि जो थोडा भाग कोरडा राहिला होता तोही राहिला नाही. काबिलजान फक्त खाली बघून मांजरांना "हुश" म्हणाले. मांजरं गेली नाहीत.

दूध गेलं, मग कापूस आला. ही कल्पना माझी स्वतःची, त्यामुळे दोष कुणाला देता येत नाही. हवाच नसेल तर पंक्चर कशाचं होणार? टायरमध्ये कापूस ठासून भरायचा. कापसाच्या देशात कापूस मिळायला काय अडचण? माळ्यावर जुम्रादने चार पोती पिंजून ठेवली होती. पहिल्या प्रतीचा, दुधासारखा पांढरा. त्यातल्या एका पोत्यातला बराचसा मी लाटण्याच्या टोकाने चाकांत ठासला. गाडी चालायची, पण आपण उंटावर बसून दगडी जिना उतरतोय असं वाटायचं. तरी पंक्चर नाही. मी खुशीत होतो. मग कुणीतरी शेताला पाणी सोडलं, कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि मी त्या पाण्यातून गेलो. कापसाने आपला धर्म पाळला, मिळेल तेवढं पाणी प्यायला. चाकं फुगली, टायर रिंगवरून उतरला, आणि ती सायकल घरी आणायला मला आणि तुर्दी आकांना मिळून दीड तास लागला. सबंध दीड तास ते "दूधच बरं होतं" एवढं एकच म्हणत होते.

ओला कापूस मी अंगणात वाळत घातला, तेव्हा जुम्रादने तो ओळखला. तो मुअत्तरच्या लग्नाच्या रजयांचा कापूस होता. तीन वर्षं जमवलेला. मुलीच्या सासरी रजयांची उंच चळत गेली नाही तर आमच्यात आईला मान खाली घालावी लागते. जुम्राद रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती शांतपणे चहा घेऊन आली आणि तिने माझ्या वाटीत चहा ओतला. काठोकाठ.

वाचकहो, आमच्याकडे माणूस हवाहवासा असेल तर त्याला घोटभरच चहा ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे आता उठा. चोवीस वर्षांच्या संसारात मला माझ्याच घरात पहिल्यांदा काठोकाठ चहा मिळाला. मी तो तोंड भाजत एका दमात प्यायलो आणि बाहेर पडलो.

बाहेर पडून समितीच्या कचेरीतच गेलो, कारण आता एकच उपाय उरला होता: चाक राहू दे, रस्ताच सुधारायचा. काबिलजानांनी मला बघून खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. "सायकल आणलीय?"

"नाही. अर्ज आणलाय. कालव्याच्या रस्त्यावरचे सराटे काढावेत."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "मास्तर, सराटा हे तण आहे की कचरा?"

"म्हणजे?"

"तण असेल तर शेतीखातं. कचरा असेल तर सफाईखातं. कालव्याची उजवी कड पाणीखात्याची, डावी आपली. काटा डाव्या कडेला उगवून उजवीकडे पडला तर काय, ते मला विचारून घ्यावं लागेल. नमुना जोडा."

मी पाकिटातून नमुना जोडला. तीन दिवसांनी अर्ज परत आला, कारण पाकिटातल्या नमुन्याने शिक्का मारणाऱ्या बाईंचा अंगठा फोडला होता आणि अर्जावर रक्ताचा डाग होता. डाग असलेला अर्ज चालत नाही. नवा अर्ज केला, नमुना काडेपेटीत घातला. शेतीखात्याने कळवलं की सराटा ही औषधी वनस्पती आहे, सबब तो तण नाही. सफाईखात्याने कळवलं की जे मुळासकट उभं आहे तो कचरा नाही. पाणीखात्याने कळवलं की पत्र मिळालं. पाच ऑगस्ट उजाडला.

"काबिलजान," मी अगदी पडेल आवाजात म्हणालो, "मुलगी येतेय हो. अकरा महिन्यांनी."

त्यांनी काडेपेटी उघडून काटा बघितला, बंद केली. त्यांच्याही दोन मुली लांब आहेत. ते म्हणाले, "खातीबिती राहू दे. हशर पुकारतो. रविवारी मोहल्ला येऊन काटे उपटेल, पुलाव तुमचा. आणि मास्तर, दूध घालून काही करू नका."

हशर म्हटलं की आमच्याकडे कुणी घरी राहत नाही. कुणाचं घर बांधायचं असो की कुणाच्या अंगणातली विहीर उपसायची असो, सगळे फुकट राबतात आणि पोटभर जेवतात. रविवारी चाळीस माणसं आली. सराटा मुळापासून उपटावा की फावड्याने खरवडावा यावर दीड तास चर्चा झाली. तुर्दी आकांचं मत तिसरंच होतं, जाळावा. मग एक तास काम झालं, आणि झालं मात्र असं, की दोन्ही कडा तळहातासारख्या साफ. काट्यांचे चार मोठे ढीग कालव्याच्या काठावर रचले. कढईवरचं झाकण निघालं, पिवळ्या गाजरांचा वास सुटला, जुम्रादनेही हसून वाढलं, आणि मला घोटभरच चहा ओतला. काबिलजानांनी चार शब्द बोलून माझा गौरव केला. फक्त हैतबाय आका ढिगांकडे बघत होते. "हे आजच हलवा," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, उद्या. पुलाव जड झाला होता.

उद्या वारा आला.

कोकंदचा वारा तुम्हाला माहीत नसेल तर नशीबवान आहात. तो सुटला की दोरीवरचे कपडे दुसऱ्या मोहल्ल्यातून गोळा करावे लागतात. उन्हाने वाळून हलके झालेले चार ढीग त्याने उचलले आणि तुतझार मोहल्ल्यावर सारखे वाटले. गल्लीत, अंगणात, छपरावर, शाळेच्या मैदानावर. उरलेले चाळीस जणांच्या बुटांच्या तळव्यांना चिकटून आदल्या दिवशीच घरोघर पोचले होते. पूर्वी सराटे एका रस्त्यावर होते. आता ते नाहीत अशी जागाच उरली नाही. नानवाला पायी आला, तेव्हा नान गार झाले होते. दूधवाला आलाच नाही. काबिलजान सायकल खांद्यावर घेऊन कचेरीत जाताना दिसले. हैतबाय आकांच्या तुतीपासून मशिदीपर्यंत रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक माणूस हातात पंप घेऊन माझ्या घराकडे बघत होता. आमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर कुणी बोलत नाही. फक्त मी जवळून गेलो की पंप मारायचा आवाज वाढायचा.

बारा ऑगस्टला पहाटे मी नवी ट्यूब घातली आणि सायकल खांद्यावर घेऊन घराबाहेर पडलो. प्रतिज्ञा परतीच्या वाटेची होती. जाताना चाक जमिनीला लावायची काही सक्ती नव्हती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, सायकलला स्टेशनवर सोडायला निघालात?" मी मान वळवली नाही. खांद्यावर सायकल असताना वळवताही येत नाही.

गाडी आली, आणि डब्यातून मुअत्तर उतरली. वाळली होती, काळवंडली होती, आणि इतकी मोठी दिसत होती की मी क्षणभर दुसऱ्याच मुलीला शोधत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या सायकलकडे बघितलं, आणि ती लहानपणी हसायची तशी हसली. दुवा देण्याची हीच वेळ होती, पण माझे हात पुन्हा सायकलला धरलेले.

बॅग मांडीवर घेऊन ती मागे बसली. मी प्रतिज्ञा सांगितली. "आता तू बघच," असं म्हणून पायडल मारलं. स्टेशनचं फाटक ओलांडलं, कालव्याचा रस्ता लागला, आणि मागून तो आवाज आला. सायकलवाल्याला तो झोपेतही ओळखू येतो.

मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. मला रडू आलं, हे मी लपवत नाही. तीन आठवडे, दूध, कापूस, अर्ज, चाळीस माणसांचा पुलाव, आणि दोनशे पावलं.

"बाबा, उठा. जरा पंप धरा."

मुअत्तरने बॅगेतून साबणाची डबी काढली. डबीत साबण नव्हता. रबर होतं, कानसेचा तुकडा होता, द्रावणाची नळी होती. जेवणाच्या दोन चमच्यांच्या दांड्यांनी तिने टायर उचकटला, ट्यूब काढली, कालव्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडा पकडला, पुसलं, घासलं, द्रावण लावून त्यावर फुंकर मारली, ठिगळ दाबलं. मग टायरच्या आतून बोट फिरवून उरलेला काटा शोधून काढला. इतकं सगळं करताना ती हॉस्टेलच्या जेवणाबद्दल बोलत होती. मी तोंड उघडं टाकून पंप धरून उभा.

"हे कुठं शिकलीस?"

"उर्गेंचला. आम्हाला सायकलवरून गावोगाव बाळंतिणींना बघायला पाठवायचे. पहिल्याच महिन्यात चौदा पंक्चर. रोज कोण काढून देणार?"

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तिकडचे काटे उपटायला आला असतात तुम्ही. आईने फोनवर हशरचं सांगितलंय."

मग हवा भरून तिने पंप सायकलच्या दांडीला अडकवला, बॅगेतून जुन्या चपलेची चामड्याची पट्टी काढली आणि मडगार्डला अशी बांधली की तिची कड फिरत्या टायरला जेमतेम घासावी. "काटा लागल्या लागल्या आत जात नाही, बाबा. पाच-सात फेरे झाले की घुसतो. पट्टी त्याला पहिल्या फेऱ्यालाच झटकते. तिकडच्या सगळ्या नर्स बांधतात." सव्वीस वर्षं फिरत्या गोलाबद्दल शिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. "आता तुम्ही मागे बसा. सायकल वाहून तुम्ही लंगडताय."

"मोहल्ल्यातून? मी मागे?"

"बॅग नीट धरा," ती म्हणाली. आवाज तिच्या आईचा होता, त्यामुळे मी बसलो.

कालव्याचा रस्ता संपला, एकही काटा आत न घुसता. पट्टी टिकटिक करत होती. गल्लीत शिरलो तर सारा मोहल्ला बाहेर. दोन्ही बाजूंना उताणी घातलेल्या सायकली, माणसं पंप मारतायत, रांग अजून मशिदीपर्यंत. पंपांचे आवाज थांबले. सगळ्यांनी बघितलं: पोरगी पायडल मारतेय आणि मास्तर मागे बॅगेला मिठी मारून बसलेत. माझे कान तापले. आणि मग लक्षात आलं, की हँडल माझ्याकडे नाही. पंप माझ्याकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी या सायकलवर असून माझे हात मोकळे आहेत.

मी बॅग सोडून दिली. ती धपकन रस्त्यावर पडली. मी दोन्ही तळवे वर केले, मुअत्तरच्या पाठीमागे, आणि अकरा महिने राहून गेलेली दुवा मोठ्याने दिली. सुखरूप जा, सुखरूप ये, आणि जिथं जाशील तिथून तुला परतीचा रस्ता असू दे.

आमच्या लोकांचे हात या बाबतीत त्यांच्या ताब्यात नसतात. कुणाही वडीलधाऱ्याचे तळवे वर गेलेले दिसले, की आपले आपोआप जातात. राग असो, रांग असो. सबंध गल्लीचे हात वर गेले. आणि पंप खाली ठेवायचं कुणालाच सुचलं नाही, त्यामुळे काबिलजानांपासून नानवाल्यापर्यंत चाळीस माणसांनी माझ्या मुलीला पंपासकट दुवा दिली आणि एका आवाजात आमीन म्हटलं. इमामसाहेबही रांगेत होते. त्यांच्याही हातात पंप होता.

दारात जुम्राद नान घेऊन उभी होती. तुर्दी आका आमच्या मागोमाग बॅग घेऊन आले, आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते त्यांनी विचारलं, "काय मास्तर, वाटेत पंक्चर?"

नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. बघितलं कुणी नव्हतं, आणि मुअत्तरने मान खाली घातली होती, म्हणजे तीही बोलली नसती. पण आत्ताच ज्या तोंडाने दुवा दिली होती, त्याने थाप मारवेना. "एक झालं," मी म्हणालो.

हैतबाय आका रांग सोडून आले. चाकापाशी खाली बसून त्यांनी व्हॉल्व्ह बघितला, टायर दाबला, चामड्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते मुअत्तरला म्हणाले, "किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं, आका."

"मला बारा लागतात." ते उठले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मास्तर ही. तुम्ही मास्तरांचे बाबा."

हा निकाल मोहल्ल्याने जागच्या जागी मान्य केला. त्याच दुपारी मास्तरांनी तुतीखाली बसून हैतबाय आकांबरोबर रांग संपवायला घेतली, आणि मास्तरांच्या बाबांनी शेजारी बसून, माजी विद्यार्थी भाजी घेऊन जात असताना, पहिल्यांदा रबर घासलं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या एकूणएक सायकलीला चामड्याची पट्टी लागली होती. जुन्या चपला कमी पडल्या, तेव्हा काबिलजानांनी आपला पट्टा दिला. त्याला अजून दुधाचा वास येत होता.

पण हे नंतरचं. आधी उंबऱ्यावर मुअत्तरने नान हातात घेतला. अकरा महिन्यांचा नान, विटेसारखा. आईने तो चहात बुडवून धरला, आणि मुअत्तरने आपल्याच दातांच्या खुणेला दात लावून घास तोडला. जुम्रादने डोळे पुसले आणि माझ्या वाटीत चहा ओतला. घोटभर.

मी आत गेलो. खिळा रिकामा झाला होता. त्यावर मी पंप टांगला.